खल्वाट पक्ष्याचा खडक

गेल्या अंकांत आम्हीं कावळ्याविषयीं लिहिलें, त्यावर एका भगिनींनीं आपल्या घरांतील मुलांचा एक प्रश्न कळविला आहे. जगांतले सगळे कावळे काळेच असतात काय, असें मुलें विचारतात. याचें उत्तर मिळविण्यास पुस्तकांत शिरण्याचें कारण नाहीं. मुलांनीं गच्चीवर जाऊन आपल्या घरकावळ्याची मान नीट पाहावी, ती राखी असल्याचें त्यांस दिसेल. परंतु प्रश्न वाचतांना आम्हांस एका निराळ्याच पक्ष्याची आठवण झाली. त्याचें डोकें हळदीसारखें पिवळें, गळा व पोट शुभ्र, पाठ काळसर राखी आणि डोक्यावर औषधालाहि पीस नाहीं. आणि तरीहि विद्वानांनीं त्याचें पहिलें बारसें केलें तें 'कावळा' म्हणूनच! तो कावळा खचित नव्हे. मग तो कोण, हें ठरविण्यास शास्त्रज्ञांस पावणेदोनशें वर्षें लागलीं. ती हकीकत, आणि आमच्या मतें तिच्याहून महत्त्वाची अशी त्या पक्ष्याच्या घराची हकीकत, या महिन्यांत वाचकांस सादर करीत आहों.

आफ्रिका खंडाचा नकाशा घेऊन त्याचा पश्चिमेकडील फुगवटा पाहावा. त्या फुगवट्याच्या खालच्या कडेस गिनी, सिएरा लिओन, लायबेरिया, कोत दिव्वार व घाना असे पांच देश समुद्राला लागून एकापुढें एक बसलेले आहेत. यांतील कोत दिव्वार म्हणजे जुन्या भूगोलाच्या पुस्तकांतला 'हस्तिदंती किनारा' होय. या पांच देशांच्या दक्षिण भागांतून एकेकाळीं सलग पसरलेलें जें दाट, सदाहरित अरण्य होतें, त्याचे आज तुकडे उरले आहेत. आणि त्या तुकड्यांबाहेर जगांत कोठेंहि हा पक्षी रानांत आढळत नाहीं. तेथें पाऊस येतो तोहि नैर्ऋत्येकडून, समुद्रावरून. सिएरा लिओनच्या फ्रीटाऊन शहरावर जुलै-ऑगस्टांत जो पाऊस कोसळतो, तो पाहून कोंकणांतल्या माणसास कांहीं परकें वाटूं नये.

इ. स. १८२५ मध्यें टेमिंक नांवाच्या डच पक्षिशास्त्रज्ञानें या पक्ष्याचें प्रथम वर्णन केलें व त्यास 'कॉर्व्हस जिम्नोसेफॅलस' असें नांव दिलें. 'कॉर्व्हस' म्हणजे कावळा आणि 'जिम्नोसेफॅलस' म्हणजे उघड्या डोक्याचा. यांतील 'जिम्नोस' हा ग्रीक शब्द आणि आपला संस्कृत 'नग्न' हे एकाच मूळ शब्दाचे वंशज होत, असें भाषाकोविद मानतात. उघड्या अंगानें व्यायाम करण्याची जागा म्हणून ग्रीकांनीं तालमीस जें 'जिम्नॅशियम' नांव दिलें, तेंहि याच शब्दावरून. पुढें तीनच वर्षांनीं, १८२८ मध्यें, लेसाँ या फ्रेंच पंडितानें या पक्ष्यास कावळ्यांतून वेगळें काढून 'पिकाथार्टीज' हें नवें गोत्रनाम रचलें. 'पिका' म्हणजे युरोपांतला मॅग्पाय नांवाचा लांब शेपटीचा पक्षी, आणि 'काथार्टीज' म्हणजे गिधाड. या दुसऱ्या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थ मात्र 'शुद्धि करणारा' असा आहे. शेपटीमुळें अर्धा मॅग्पाय आणि टकलामुळें अर्धें गिधाड, असें हें नरसिंहाच्या धर्तीचें जोडनांव झालें. इंग्रजींत त्यास 'रॉकफाउल', म्हणजे खडकावरची कोंबडी, असेंहि म्हणतात. कोंबडीशींहि त्याचें नातें नाहीं तें नाहींच.

मराठींत त्यास नांव असण्याचें कारण नव्हतें. या लेखापुरतें आम्ही त्यास 'खल्वाट' म्हणूं. भर्तृहरीच्या कृपेनें हा शब्द शाळेंत संस्कृत शिकलेल्या कोणासहि नवा नाहीं. फरक एवढाच, कीं भर्तृहरीच्या खल्वाटास उन्हाचा ताप होता, आणि आमचा खल्वाट राहतो त्या अरण्यांत ऊन जमिनीपर्यंत क्वचितच पोंचतें.

चोंचीच्या टोंकापासून शेपटीच्या टोंकापर्यंत हा सुमारें ४० सेंटिमीटर, म्हणजे लांबीनें आपल्या घरकावळ्याएवढाच. परंतु त्यांतली बरीच लांबी शेपटीची, म्हणून वजन भरतें तें पाव किलोच्या आंतच. डोक्यावरची कातडी अगदीं उघडी व पिवळीधमक असून दोन्ही डोळ्यांच्या मागें एकेक वाटोळा काळा डाग असतो. कोणी कानांवर काळीं झांकणें लावून दिलीं असावींत असें चित्रांत दिसतें. पाय लांब व बळकट. पंख आंखूड व वाटोळे, त्यामुळें दूरवर उडण्याची हौस त्यास नाहीं. एका शिळेवरून दुसरीवर, तेथून पडलेल्या ओंडक्यावर, ओंडक्यावरून वेलीवर, अशा लांब लांब उड्या मारीत तो चालतो. नर व मादी सारखींच दिसतात. याचा एक सख्खा भाऊबंदहि आहे. तो कॅमेरून, गॅबन या बाजूच्या अरण्यांत राहतो, आणि त्याच्या टकलावर निळा, काळा व लाल असे तीन रंग असतात. पण त्याच्याकडे वळलों तर आजचें काम राहून जाईल.

आतां कुळाचा प्रश्न. कावळ्याच्या पंक्तींतून उठविल्यावर या पक्ष्यास कोठें बसवावें याविषयीं विद्वानांचें एकमत होईना. कोणी त्यास साळुंकीच्या कुळांत घातलें. पुढें कित्येक वर्षें तो सातभाईंच्या कुळांत मोडत असे. सातभाई म्हणजे आपल्या परसांत सहासात जणांचें टोळकें करून पाचोळा उलथीत कलकलाट करणारे ते मातकट पक्षी. कोणी माशा टिपणाऱ्या पक्ष्यांकडे बोट दाखविलें. हाडें, स्नायु, पिसांची रचना यांवरून जेवढें तर्क करणें शक्य होतें तेवढें सर्व करून झालें. अखेरीस पेशींतील डीएनएची तुलना करण्याची विद्या हातीं आली, तेव्हां निराळेंच उत्तर निघालें. खल्वाटाचे जवळचे आप्त दोन: एक दक्षिण आफ्रिकेच्या उघड्या डोंगरांवर खडकांतून उड्या मारणारा 'रॉकजंपर', आणि दुसरा मलाया, सुमात्रा व बोर्निओ येथील अरण्यांत जमिनीवर चालणारा 'रेल-बॅबलर'. या तिघांच्या मधें समुद्र आणि हजारों मैलांचें अंतर आहे. गायक पक्ष्यांच्या विशाल वंशवृक्षाची ही एक फार जुनी फांदी; तिच्यावरचीं बाकीचीं पानें केव्हांच गळून गेलीं, आणि टोंकाशीं हीं एवढींच राहिलीं. एखाद्या जुन्या घराण्याचे तीन वंशज तीन मुलुखांत सांपडावे आणि कोणासच कोणाची ओळख नसावी, तसा हा प्रकार आहे.

वर 'गायक पक्षी' असा शब्द आला आहे, त्याचाहि खुलासा केला पाहिजे. शास्त्रांत गायक म्हणजे ज्याच्या कंठाची घडण विशिष्ट प्रकारची आहे तो. गोड गाणें ही अट त्यांत नाहीं. कावळा त्या अर्थानें गायकच आहे. आमचा खल्वाट जन्मला गायकांच्या घराण्यांत; पण दिवसाचा बहुतेक वेळ तो मौनांत काढतो, आणि तोंड उघडलेंच तर कोंबडी घशांतल्या घशांत घोगरें बोलते तसा कांहीं आवाज काढतो, किंवा नुसता फूत्कार करतो. घराण्याच्या नांवावर मैफलीस बसणारे गवई आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत. त्यांच्यापेक्षां हा बरा म्हणावयाचा, निदान गप्प तरी बसतो!

असो. खल्वाटाची खरी कथा त्याच्या डोक्याची नसून त्याच्या खडकाची आहे.

बहुतेक पक्षी घर बांधतात तें झाडावर. एक झाड पडलें तर दुसरें असतें. खल्वाट झाडावर घर बांधीत नाहीं. डोंगराळ अरण्यांत जेथें मोठमोठ्या शिळा एकमेकींवर कलून पडल्या आहेत, ज्यांचें कपाळ पुढें झुकून खालीं पडवीसारखी जागा झाली आहे, किंवा जेथें उथळ गुहा आहे, तेथेंच त्याचें घर. त्या खडकाच्या पोटाला, जमिनीपासून साधारण दोन ते चार मीटर उंचीवर, तो चिखलाची वाटी चिकटवितो. अर्धें मडकें भिंतीला लावावें तशी ती दिसते. पाकोळीचें चिखलाचें घरटें ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांनीं तेंच कित्येक पट मोठें करून मनांत आणावें. नुसता चिखल सुकल्यावर तडकतो, हें घराची भिंत सारवणाऱ्या प्रत्येक बाईस ठाऊक आहे; म्हणून आपण मातींत भुसा किंवा शेण कालवतों. हा पक्षी चिखलांत सुकीं पानें, गवत, मुळांचे तंतु कालवितो, आणि वाटीच्या आंत मऊ तंतूंचें अस्तर घालतो.

आतां या घरास काय काय लागतें तें पाहा. खडक पुढें झुकलेला हवा, नाहींतर पावसानें चिखल विरघळून जाईल. भिंत बाहेरच्या बाजूस कललेली हवी, म्हणजे सापास व घोरपडीसारख्या प्राण्यांस ती चढवत नाहीं. खालीं ओढा किंवा ओल हवी, म्हणजे चिखल मिळेल. आणि भोंवतीं दाट अरण्य हवें, कारण पिलांचें अन्न तेथेंच. या सर्व गोष्टी एके ठिकाणीं जमून आलेली जागा एका संबंध डोंगरांत एखाददुसरी असते. म्हणून असा खडक एकदां सांपडला कीं खल्वाट तो सोडीत नाहीं. तींच घरटीं डागडुजी करून वर्षानुवर्षें वापरलीं जातात, आणि तेथें वसाहत पिढ्यान्पिढ्या टिकते. वाड्याच्या एका खोलींत आजोबा जन्मले आणि त्याच खोलींत नातू, असें आपण अभिमानानें सांगतों. या पक्ष्यांत ती रीतच आहे.

पावसाच्या दिवसांत चिखल मिळूं लागला कीं घरट्यांचें काम निघतें. देशपरत्वें महिने बदलतात, आणि कांहीं ठिकाणीं वर्षांतून दोनदां वीण होते. मादी बहुधा दोन अंडीं घालते. अंडीं उबविणें व पिलांस भरविणें हीं कामें नर-मादी दोघेंहि करतात. तीन आठवड्यांहून कांहीं अधिक दिवसांनीं पिलें बाहेर येतात व पुढें सुमारें पंचवीस दिवस घरट्यांत राहतात.

एका खडकावर दोनचार घरटीं असणें नेहमींचें. पूर्वीं याहून कितीतरी मोठ्या वसाहती आढळल्या आहेत. हें वाचून वाचकांपैकीं कोणी म्हणतील, वा! हें आपल्यासारखेंच एकत्र कुटुंब झालें. तसें नाहीं. एकत्र कुटुंब पाहावयाचें तर सातभाईंचें पाहावें. एका घरट्यांतल्या पिलांना मावशा, काका सगळे मिळून भरवितात. खल्वाटांची वसाहत ही चाळ आहे. छप्पर एक, पण बिऱ्हाडें वेगळीं, चुली वेगळ्या, आणि जागेवरून भांडणें आहेतच. हें भांडण कोठवर जातें हें सांगणें लहान मुलांसमोर वाचण्यासारखें नाहीं, तरी खरें असल्यामुळें टाळतां येत नाहीं: मोठ्या पक्ष्यांनीं शेजारच्या घरट्यांतलीं पिलें मारल्याचें निरीक्षकांनीं नोंदविलें आहे. चांगल्या खडकाची टंचाई हेंच त्याचें कारण असावें असें अभ्यासक मानतात. जागा अपुरी आणि उमेदवार फार, अशी स्थिति झाली म्हणजे पांखरेंहि माणसांसारखीं वागूं लागतात.

खल्वाटाचा दिवस अरण्याच्या जमिनीवर जातो. भुंगेरे, झुरळें, नाकतोडे, वाळवी, गांडुळें, गोगलगाई हें त्याचें नित्याचें अन्न. पिलांसाठीं लहान बेडूक व सरडेहि आणले जातात. पण त्याची खरी पर्वणी निराळीच. या अरण्यांत 'ड्रायव्हर अँट' म्हणून मुंग्यांची एक भयंकर जात आहे. यांचें कायमचें वारूळ नसतें. कांहीं दिवस एका जागीं मुक्काम करून सगळें बिऱ्हाड अंडींपिलींसह पुढें हलतें. भक्ष्यासाठीं या मुंग्या लाखोंनीं बाहेर पडतात आणि फडा काढल्यासारख्या पाचोळ्यावर पसरत जातात. वाटेंत जो किडा सांपडेल त्याचे तुकडे होतात. त्यामुळें फौजेच्या पुढें जमिनीवर एकच धांदल उडते. पाचोळ्याखालीं दिवसभर लपून बसणारे सगळे जीव उघड्यावर येऊन पळत सुटतात. खल्वाट या फौजेच्या बाजूबाजूनें उड्या मारीत जातो व पळणाऱ्यांस टिपतो. मुंग्यांवर त्याचा डोळा नसतो, मुंग्यांनीं उठविलेल्या शिकारीवर असतो. शेतांत नांगर चालला म्हणजे त्याच्या मागें बगळे चालतात, त्यांतलीच ही युक्ति.

मात्र अशी फौज पोसण्यास जंगलहि तसेंच मोठें लागतें. चार झाडें व एक खडक राखून ठेवला म्हणजे खल्वाट राखला, असें होत नाहीं. उलट खडकावांचून नुसतें अरण्य कितीहि दाट असलें तरी त्याचा उपयोग नाहीं. घर व शेत दोन्ही एकाच गांवांत असावें लागणाऱ्या कुणब्यासारखी त्याची स्थिति आहे.

संध्याकाळ होऊं लागली कीं पक्षी खडकाकडे परततात. एकेक जण न बोलतां येतो, जवळच्या वेलीवर बसतो, पिसें सांवरतो, मान वळवून इकडेतिकडे पाहतो, आणि अंधार पडण्यापूर्वीं खडकाखालीं शिरतो. अरण्याच्या त्या काळोख्या हिरव्या उजेडांत सगळें अंग दिसेनासें होतें आणि पिवळें डोकें तेवढें हलतांना दिसतें. सिएरा लिओनमधील कांहीं लोक हे खडक आपल्या पितरांच्या आत्म्यांचें वसतिस्थान मानीत आणि हा पक्षी त्याचा रखवालदार समजत. देवराईंतलें लांकूड तोडण्यास न धजणाऱ्या आपल्या खेडुतांस ही समजूत सांगितली तर ते हंसणार नाहींत. आम्हीहि हंसत नाहीं. अशा समजुतीनें कांहीं खडकांवरची घरटीं पिढ्यान्पिढ्या सुरक्षित राहिलीं असतील, तर तिला भोळसट म्हणून मोडीत काढण्याची घाई आम्ही करणार नाहीं.

बाहेरच्या जगांत या पक्ष्याचें नांव झालें तें १९५४ सालीं. डेव्हिड ॲटनबरो हे तेव्हां इंग्लंडच्या बीबीसींत नवखे निर्माते होते. लंडनच्या प्राणिसंग्रहालयांतील जॅक लेस्टर यांच्यासह त्यांनीं सिएरा लिओनला मोहीम काढली. टेलिव्हिजनवर आठवड्यामागून आठवडे दाखवावयाचें, तर प्रेक्षकांस शेवटपर्यंत धरून ठेवील असें एखादें दुर्मिळ लक्ष्य पाहिजे. तें म्हणून खल्वाटाची निवड झाली. लेस्टर आजारी पडल्यामुळें कार्यक्रम सांगण्याचें काम ॲटनबरो यांच्याकडे आलें आणि तेथून त्यांच्या कीर्तीस आरंभ झाला. ते पुढें सांगत, कीं मालिका चालू असतांना लंडनच्या रस्त्यांत एका बसचालकानें खिडकींतून डोकें काढून, तो पक्षी सांपडणार कीं नाहीं, असें त्याच्या लॅटिन नांवाचा यथेच्छ विपर्यास करून विचारलें. तें ऐकून त्यांस कळलें कीं कार्यक्रम लोकांच्या घरांत पोंचला.

या प्रसिद्धीची दुसरी बाजू अशी, कीं विलायतेंतल्या व अमेरिकेंतल्या प्राणिसंग्रहालयांस हा पक्षी हवाहवासा झाला. एका खडकावर सगळें कुटुंब एकत्र सांपडत असल्यामुळें पकडणाऱ्यांचें काम सोपें होतें. आणि एक खडक रिकामा झाला म्हणजे डोंगराची वसाहतच संपते. पुढें दुर्मिळ जीवांच्या व्यापारावर बंधन घालणारा 'साइट्स' हा आंतरराष्ट्रीय करार झाला व त्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक, परिशिष्टांत खल्वाटाचें नांव आलें. पकडण्याचें भय त्यानें कमी झालें. परंतु अरण्य तोडलें जाण्याचें भय कोणत्याहि परिशिष्टानें जात नाहीं.

आपल्या नातवंडांच्या हातांत जें चॉकलेट असतें, तें कोकोच्या बियांचें. जगांतला निम्म्याहून अधिक कोको कोत दिव्वार व घाना या दोन देशांतून येतो, आणि त्याच्या बागा ज्या जमिनीवर उभ्या आहेत तिच्यावरचा बराच भाग पूर्वीं अरण्याचा होता. त्याशिवाय इमारती लांकूड, कोळसा, खाणी आहेतच. खल्वाट थोडेंसें सोसतो. कोकोच्या बागांजवळच्या कांहीं खडकांवर त्याच्या वसाहती टिकल्याहि आहेत. पण किती तोडीपर्यंत तो टिकेल यास मर्यादा आहे. आज रानांतल्या प्रौढ खल्वाटांची एकूण संख्या अडीच हजार ते दहा हजार यांच्या दरम्यान धरतात, आणि निसर्गरक्षणाच्या जागतिक यादींत त्यास 'असुरक्षित' या वर्गांत घातलें आहे. गुजराथेंतला सिंह एकाच प्रदेशांत राहतो म्हणून आपण चिंता करतों. हे दहा हजारांच्या आंतले पक्षी तर पांच देशांतल्या सुट्या सुट्या खडकांवर विखुरलेले आहेत, आणि एका खडकावरचा पक्षी दुसऱ्या दूरच्या खडकापर्यंत मोकळ्या शेतांवरून उडत जाईल अशी त्याची जातकुळी नव्हे.

या गोष्टीचा माणसांशीं काय संबंध, असें ज्यांस वाटत असेल त्यांनीं फ्रीटाऊनकडे पाहावें. गुलामगिरींतून सुटलेल्या लोकांनीं १७९२ सालीं वसविलेलें हें शहर डोंगर आणि समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेंत आहे. पाठीमागच्या द्वीपकल्पाच्या डोंगरांवर जें अरण्य आहे, तें १९१६ मध्येंच राखीव करण्यांत आलें. शहरास पिण्याचें पाणी पुरविणारें गुमा धरण याच डोंगरांत आहे, आणि खल्वाटाच्या वसाहतीहि याच डोंगरांत. सिएरा लिओनचे पक्षितज्ज्ञ हेझल टॉमसन यांनीं १९९३ मध्यें 'ओरिक्स' या नियतकालिकांत या वसाहतींविषयीं लिहितांना असेंच मांडलें होतें, कीं हें अरण्य राखण्यास जीं कारणें आधींच आहेत त्यांत या पक्ष्याचें आणखी एक कारण आहे. त्या वेळीं देशांत १९९१ पासून पेटलेलें यादवी युद्ध चालू होतें. तें २००२ मध्यें संपलें. गांवें सोडून जीव वांचविण्यास शहरांत आलेल्या लोकांस सपाट जागा उरली नव्हती. त्यांनीं डोंगराच्या उतारांवर झाडें तोडून घरें बांधलीं. त्यांस दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाहीं.

१४ ऑगस्ट १९१७ नव्हे, अगदीं अलीकडची, १४ ऑगस्ट २०१७ ची सकाळ. तीन दिवस पाऊस झोडपीत होता. रीजंट या वस्तीच्या वर शुगर लोफ नांवाच्या डोंगराची एक बाजू सुटून खालीं आली. मृत व बेपत्ता मिळून हजारांहून अधिक माणसें एका सकाळींत गेलीं. उतारावरची झाडें गेल्यामुळें माती सैल झाली हें त्याच्या कारणांत सांगितलें गेलें. २०१४ सालच्या माळीणची बातमी ज्यांनीं वाचली आहे, त्यांस यापुढें वर्णन नको.

चांगल्या बातम्या नाहींतच असें मात्र नव्हे. सिएरा लिओन व लायबेरिया यांच्या सरहद्दीवर गोला नांवाचें मोठें अरण्य आहे. युद्धांत रक्ताचे पाट वाहिलेल्या त्याच सीमेवर पुढें दोन्ही देशांनीं आपापल्या बाजूस राष्ट्रीय उद्यान केलें. आणि २०२५ मध्यें सिएरा लिओनकडील गोला-तिवाई या क्षेत्राची जागतिक वारशांत गणना झाली. त्या देशाचें हें पहिलेंच वारसास्थळ. तेथेंहि खल्वाटाचे खडक आहेत.

दुसरी बातमी घानाची. त्या देशांत १९६० नंतरच्या दशकापासून खल्वाटाची नोंद झाली नव्हती, आणि तो तेथून नाहींसा झाला असावा अशी समजूत दृढ होत चालली होती. २००३ मध्यें एका अमेरिकन विद्यापीठाची मोहीम तेथील अरण्यांत पक्ष्यांची पाहणी करीत असतां, पक्षी तपासण्यासाठीं लावलेल्या जाळ्यांत जो पक्षी आला तो खल्वाट निघाला. मग शोध सुरू झाला आणि एकामागून एक खडक सांपडत गेले. तो गेला नव्हता. त्याच्या खडकापर्यंत कोणी विचारपूस करण्यास गेलें नव्हतें, एवढेंच.

अशांतला एक खडक बोंक्रो या खेड्याजवळ आहे. आतां दूरदूरच्या देशांतून लोक तो पाहण्यास येतात, आणि येणाऱ्यांनीं भरलेल्या शुल्कांतून गांवास उत्पन्न मिळतें. गांवचा वाटाड्या पाहुण्यांस अरण्यांतून चढण चढवून नेतो. खडकासमोर बसण्याची जागा केलेली आहे. दुपार कलल्यावर पाहुणे तेथें बसतात. बोलण्याची मनाई असते, उठण्याची असते. पाचोळा वाजला तर सगळ्यांच्या माना तिकडे वळतात, आणि खार निघाली तर पुन्हां जागेवर येतात. कधीं तास जातो, कधीं दोन. मग वाटाड्या हळूच बोट करतो, आणि ज्या वेलीवर क्षणापूर्वीं कांहीं नव्हतें तिच्यावर एक पिवळें डोकें असतें.